भिंतीवरून

मॅच गड्ड्याच्या आधीची असो की नंतरची,
आम्ही भिंतीवरच.
तिकीट नाही, खुर्ची नाही,
कॉलेज तर चौघांपैकी कुणाचंच नाही.
माझी शाळा नववीतच सुटली, साखर पेठेत.
कलशेट्टीचं भुसाराचं दुकान, नदाफची रिक्षा,
आणि बोमड्याल मास्तर,
जे शाळेतले नव्हे, शिलाईचे मास्तर.

तरी टीम आमची.
"आपलं कॉलेज" म्हणायचो आम्ही,
ज्याच्या फाटकातून मी एकदाच आत गेलेलो,
हॉस्टेलच्या चादरींचे गठ्ठे उतरवायला.

फुटबॉलचं सोपं होतं.
तिथं एकमत : गोलकीपर झोपलाय.
फक्त नदाफ म्हणायचा, झोपला नाही बे,
पोराला लांबचं दिसत नाही, चष्मा लागलाय,
घरी सांगायला भितो.
नदाफला हे कुठून कळलं, कुणी विचारलं नाही.

भांडण पेटायचं ते बेसबॉलवरून.
नियम मास्तरांना ठाऊक होते,
आणि जे ठाऊक नव्हते ते ते
तिथल्या तिथं बेतून द्यायचे.

मेरगू. डावखुरा पिचर.
कोपर पायजम्याच्या नाडीसारखं वळायचं त्याचं,
चेंडू कुठून सुटला ते बॅटवाल्याला कळेस्तोवर
कॅचरचा ग्लोव्ह वाजलेला.
कलशेट्टीचं मत : हात सोन्याचा, डोकं मातीचं.
मास्तरांचं : डोकं ठीक आहे, कॅप्टनच मातीचा.
माझं मत मी बोलायचो नाही,
ओरडायचो.
"ए मेरगूऽऽ! लै उशिरा सोडतो बे! लै उशिरा!"

तीन वर्षं.
जिंकला तरी हेच, हरला तरी हेच.
आणि त्या फायनलला, शेवटच्या चेंडूवर,
लातूरच्या पोरानं बॅट अशी फिरवली
की चेंडू आमच्या डोक्यांवरून रस्त्यात,
रस्त्यातून उसाच्या रसाच्या गाड्याखाली.
कलशेट्टीच्या मुठीतली शेंग फुटायची राहिली.
मेरगू पाठमोरा उभा.
डावा हात मांडीला पुसत होता,
पुसतच होता.
मी तेव्हाही ओरडलो.

आता तो माझ्या शेजारच्या मागावर असतो.
अक्कलकोट रोड, रात्रपाळी, टॉवेल.
बीएचे दोन विषय राहिलेत, काढणार म्हणतो.
धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं,
त्या खडखडाटात
कुणाचं मत कुणाला ऐकू येत नाही.
बरंच आहे.

एकदा चहाला बसलो तर म्हणाला,
काका, भिंतीवर एक जण असायचा.
ऊन डोळ्यावर यायचं, तोंड दिसायचं नाही,
आवाज तेवढा यायचा.
असंल बे, म्हटलं मी, पाच-पन्नास तर असायचे.
आणि बिस्कीट इतका वेळ बुडवून धरलं
की अर्धं गेलं तळाला.

बरोबर बोलायचा पण, तो म्हणाला.
खांदा धरायचा माझा, म्हणून उशीर व्हायचा.
आता ते मैदानातनं भिंतीपर्यंत
ओरडून कोण सांगणार?

मी ग्लास विसळला. दोनदा.

काल पहाटे माझ्या मागावर
ताण्याचे धागे तुटले, एकदम पाच-सहा.
डुलकी लागली होती, खोटं कशाला बोलू.
दांडा ओढेपर्यंत वीतभर टॉवेल वाया.
शेजारून, मान न वळवता :
"लै उशिरा, काका. लै उशिरा."

हसला का?
बल्ब त्याच्या मागं होता,
तोंड दिसलं नाही.

रविवारी मॅच आहे.
नवा पिचर उजवा आहे म्हणे, बार्शीकडचा, उंच.
कलशेट्टीनं त्याला आत्ताच मोडीत काढलंय,
मास्तरांनी कॅप्टनला.
नदाफ सकाळीच जाऊन जागा धरणार आहे,
पाच जणांची धर म्हणून सांगितलंय मी.
पाचवा कोण, विचारत होता.

माझं अजून काही मत झालेलं नाही.